दूरध्वनीचे दुभाषे

आकाशवाणीवरील एखाद्या कार्यक्रमांत निवेदकाचें बोलणें चालू असतां मध्येंच एखादा श्रोता दूरध्वनीवरून बोलूं लागला, कीं डोळे मिटून ऐकणाऱ्यासहि तो बदल तत्काळ कळतो. निवेदक समोर बसून बोलत आहे असें वाटतें. दूरध्वनीवरचा आवाज मात्र एखाद्या नळींतून आल्यासारखा, पातळ आणि कांहींसा चिरका लागतो. बोलणाऱ्याच्या कंठांत उणें कांहींच नसतें. जें उणें होतें तें वाटेंत होतें. तें किती होतें, कां होतें आणि टाळतां येतें कीं नाहीं, हा प्रश्न केवळ कानाच्या सुखाचा आहे असें समजण्याचें कारण नाहीं. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेल्या औद्योगिक पट्ट्यांत तो रोजच्या व्यवहाराचा, आणि प्रसंगीं जीविताचाहि प्रश्न होऊन बसतो.

हा पट्टा दोन पिढ्यांत उभा राहिला. १९५४ मध्यें पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ मध्यें महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वांत आलें. आकुर्डीस बजाज ऑटो आणि पिंपरीस टाटांची टेल्को आली. फिरंगोजी नरसाळ्यानें १६६० मध्यें शाएस्तेखानाविरुद्ध लढविलेल्या किल्ल्यासाठीं आणि कांद्याच्या बाजारासाठीं ओळखलें जाणारें चाकण पुढें मोटारींचें गांव झालें. २००९ मध्यें फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ या जर्मन कंपन्यांचे कारखाने तेथें सुरू झाले. या मोठ्या कारखान्यांभोंवतीं महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी अशा गांवांच्या शिवारांत सुटे भाग करणारे असंख्य लहान कारखाने वसले. त्यांपैकीं कित्येकांच्या पत्त्यांत रस्त्याचें नांव नसून शेताचा गट नंबर असतो.

आतां श्रोत्यानें एक प्रसंग मनापुढें आणावा. अशा एका लहान कारखान्यांत प्रेसखालीं एका कामगाराचा हात सांपडला आहे. शेजारीं यंत्रांचा खडखडाट चालू असतां त्याचा सोबती दूरध्वनीवरून पत्ता सांगतो: गट नंबर सातशें साठ. ऐकणाऱ्याच्या कानीं पडतें: सातशें आठ. रुग्णवाहिका निघते, पण दुसऱ्याच शिवाराकडे. मराठी आंकड्यांची ही खोड जुनी आहे. साठ आणि आठ, सहा आणि दहा, तीस आणि वीस, या जोड्यांत सारा भेद एका व्यंजनाचा आहे. ‘साठ’मधला ‘स’ गळला कीं ‘आठ’ उरतो. वाक्यांतला एखादा शब्द निसटला तर मागच्यापुढच्या शब्दांवरून तो ताडतां येतो. आंकडा ताडतां येत नाहीं.

हा ‘स’ गळतो कां? माणसाच्या बोलण्यांत स्वरांचा जोर खालच्या कंपनसंख्यांत असतो; ‘स’सारख्या ऊष्म वर्णांचा सीत्कार मुख्यतः सेकंदास चार हजार कंपनांच्या वर असतो. दूरध्वनीची वाट मात्र परंपरेनें सेकंदास सुमारें ३०० ते ३४०० कंपनें एवढीच रुंद ठेवलेली आहे. एवढ्यांत बोलणें समजतें, माणूस ओळखतां येतो, आणि एकाच तारेवरून अनेक संभाषणें नेतां येतात, असा हा जुना हिशोब होता. ‘स’चा मोठा भाग या कुंपणाबाहेर राहतो, आणि त्याची पुसट खूण तेवढी पलीकडे पोंचते. ही पुसट खूण पुढच्या प्रवासांत टिकते कीं नाहीं, हें आवाज कोणत्या संकेतांत लिहिला जातो, आणि वाटेंत तो किती वेळां पुसून पुन्हां लिहिला जातो, यावर अवलंबून असतें.

आवाज लिहिणें ही कल्पना ॲलेक रीव्ह्ज या इंग्रज अभियंत्यानें १९३७ मध्यें काढली. आवाजाची लाट जशीच्या तशी तारेंतून न पाठवितां तिची उंची ठराविक अंतरानें मोजावी आणि केवळ ते आंकडे पाठवावेत, ही ती युक्ति होय. दूरध्वनीसाठीं ही मोजणी सेकंदास ८००० वेळां होते, आणि प्रत्येक मोजणी आठ बिटांत, म्हणजे २५६ पायऱ्यांपैकीं एका पायरीनें लिहिली जाते. आठ हजार गुणिले आठ, म्हणजे सेकंदास ६४,००० बिट. आवाजाचे आंकडे करणारें आणि आंकड्यांचा पुन्हां आवाज करणारें जें साधन, त्यास कोडेक म्हणतात. वरील पद्धतीस आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानें १९७२ मध्यें जी. ७११ या नांवानें मान्यता दिली, आणि आजहि ती दूरध्वनीची सर्वांस समजणारी बोली आहे.

या पद्धतींत एक शहाणपण आहे. सोनाराचा कांटा गुंजेचा फरक दाखवितो. धान्याच्या कांट्यास त्याची पर्वा नसते. त्याचप्रमाणें २५६ पायऱ्या सारख्या उंचीच्या न ठेवतां हलक्या आवाजासाठीं त्या बारीक व मोठ्या आवाजासाठीं रुंद ठेविल्या आहेत. परंतु हा कांटा जगांत दोन तऱ्हांचा झाला. युरोप आणि भारत यांनीं ‘ए-लॉ’ नांवाची मोजपट्टी घेतली. अमेरिका आणि जपान यांनीं ‘म्यू-लॉ’ नांवाची. चाकणहून जर्मनीशीं बोलतांना दोन्हीकडे एकच मोजपट्टी असते. अमेरिकेशीं बोलतांना मात्र वाटेंत कोणींतरी एका पट्टीचे आंकडे दुसऱ्या पट्टींत मांडावे लागतात. हें काम म्यू-लॉ वापरणाऱ्या देशानें करावें, असा नियमच आहे. एका संकेतांतील आवाज दुसऱ्या संकेतांत मांडण्याच्या या क्रियेस ट्रान्सकोडिंग म्हणतात. मराठींत तिला संकेतांतर म्हणावें. हें पहिलें संकेतांतर सौम्य होतें. कानास तें जाणवतहि नसे.

पुढें दूरध्वनि इंटरनेटच्या वाटेनें जाऊं लागला. भारतांत १ एप्रिल २००२ पासून त्यास मर्यादित स्वरूपांत परवानगी मिळाली. या वाटेवर संभाषणासाठीं स्वतंत्र तार राखलेली नसते. आवाजाचे लहान लहान पुडके बांधून ते इतर मालाबरोबर एकाच रस्त्यावर सोडले जातात. बहुधा एका पुडक्यांत एका सेकंदाचा पन्नासावा भाग, म्हणजे २० मिलिसेकंदांचा आवाज असतो. जी. ७११ मध्यें अशा पुडक्यांत १६० बाइट माल असतो, आणि पत्ता, क्रमांक, वेळ इत्यादि वेष्टनाचें वजन आणखी ४० बाइट भरतें. म्हणजे ६४ किलोबिटांच्या मालास रस्त्यावर ८० किलोबिटांची जागा लागते. ज्या काळीं गांवांतल्या कारखान्यास मिळणारी इंटरनेटची वाट अरुंद व महाग होती, त्या काळीं एवढी जागा परवडत नसे.

तेव्हां आवाज थोडक्यांत लिहिण्याचा संकेत हवा झाला. त्याचा पाया घालणाऱ्यांत एक भारतीय नांव अग्रभागीं आहे. १९३३ मध्यें कानपुरास जन्मलेले आणि लखनौ व बंगलोर येथें शिकलेले बिष्णु अटल यांनीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत एक निराळा विचार पुढें नेला. आवाजाची लाट मोजण्यापेक्षां ती लाट निर्माण करणाऱ्या कंठाचें व मुखाचें वर्णन पाठवावें. पलीकडच्या यंत्रानें त्या वर्णनावरून आवाज पुन्हां घडवावा. पदार्थ न पाठवितां त्याची कृति पाठविण्यासारखेंच हें झालें. १९८५ मध्यें अटल आणि मानफ्रेड श्रोडर यांनीं यांत एका संकेतकोशाची भर घातली: दोन्ही टोंकांस नमुन्यांची एकच यादी ठेवावयाची, आणि कंठाच्या वर्णनाबरोबर जवळांत जवळच्या नमुन्याचा केवळ क्रमांक पाठवावयाचा. भ्रमणध्वनीचे पुष्कळ संकेत याच वंशांतले आहेत. इंटरनेटवरील दूरध्वनींत प्रसिद्धि पावलेला जी. ७२९ हा १९९६ मधला संकेतहि त्याच कुळांतला. तो सेकंदास केवळ ८००० बिटांत, म्हणजे जी. ७११ च्या एक-अष्टमांशांत संभाषण नेतो.

येथें व्यापाऱ्याच्या ध्यानांत येईल अशी एक गंमत आहे. जी. ७२९ च्या पुडक्यांत माल २० बाइट आणि वेष्टन मात्र तेंच ४० बाइट. त्यामुळें माल आठपट घटला तरी रस्त्यावरील जागा ८० वरून २४ किलोबिटांवर येते, म्हणजे तिपटीहून थोडीच अधिक वांचते. आणि ही बचत फुकट मिळत नाहीं. हा संकेत माणसाच्या कंठासाठीं बांधलेला आहे. प्रेसचा आघात, पंख्याची घरघर, तबल्याची थाप यांचें वर्णन त्याच्या कोशांत नीट सांपडत नाहीं. दूरध्वनीवर थांबावयास सांगितल्यावर वाजणारी धून कित्येकदां पाण्याखालून आल्यासारखी लागते, तिचें हें एक कारण. शिवाय जागा आणखी वांचविण्यासाठीं कित्येक यंत्रें बोलणारा गप्प असतां पुडके पाठविणेंच थांबवितात. बोलणें पुन्हां सुरू झालें हें ओळखण्यास त्यांना किंचित् उशीर झाला, कीं पहिलेंच व्यंजन कापलें जातें. आणि ‘स’ हा तर मुळांतच दुबळा वर्ण.

दुसऱ्या बाजूस वाट रुंद करणारे संकेतहि आले. १९८८ मधील जी. ७२२ सेकंदास १६,००० मोजण्या घेऊन ५० पासून ७००० कंपनांपर्यंतचा आवाज नेतो, आणि तोहि ६४ किलोबिटांतच. कारण तो आवाजाचे खालचा व वरचा असे दोन भाग करून खालच्यास ४८ व वरच्यास १६ किलोबिट वांटून देतो. ‘साठ’ आणि ‘आठ’ यांची गफलत तेथें सहसा होत नाहीं. २०१२ मध्यें प्रमाण म्हणून प्रसिद्ध झालेला ओपस हा संकेत वाटेची रुंदी पाहून स्वतःस ६ किलोबिटांपासून ५१० किलोबिटांपर्यंत आवरतो वा पसरतो. २०१६ मध्यें रिलायन्स जिओनें सर्व संभाषणें इंटरनेटच्याच पद्धतीनें नेणारी भ्रमणध्वनि-सेवा सुरू केली, तेव्हांपासून रुंद आवाजाचे संकेत साध्या कामगाराच्या खिशांतहि आले.

अशा रीतीनें दूरध्वनीच्या जगांत एका बोलीच्या जागीं अनेक बोली झाल्या. दोन अनोळखी यंत्रांची गांठ पडली, कीं त्यांची बोलणी ठरण्याची रीत मोठी सुसंस्कृत आहे. बोलावणारें यंत्र प्रथम आपणांस येणाऱ्या बोलींची यादी आवडीच्या क्रमानें पाठवितें. उत्तर देणारें यंत्र त्या यादींतून आपणांस येणारी बोली स्वीकारतें, आणि मगच संभाषण सुरू होतें. यादींत समान बोली एकहि नसेल, तर ‘येथें स्वीकारार्ह नाहीं’ या अर्थाचा ४८८ हा क्रमांक परत येतो आणि संभाषण जुळतच नाहीं. रेषा मोकळी, यंत्र चालू, क्रमांक बरोबर, आणि तरीहि बोलणें होत नाहीं, तेव्हां पुष्कळदां दोष तारेचा नसून या न जुळलेल्या यादीचा असतो.

समान बोली नसली तर दुभाष्या मध्यें बसवावा लागतो. कारखान्याच्या ईपीएबीएक्सांत किंवा सीमेवरील गेटवेंत त्यासाठीं खास गणनयंत्रें असतात. तीं एका बाजूचे पुडके सोडवितात, त्यांचा पुन्हां साधा आवाज करतात, आणि तो दुसऱ्या संकेतांत लिहून नवे पुडके बांधतात. दुभाष्याची सोय उत्तम खरी. पण मराठी वाक्याचें इंग्रजी, इंग्रजीचें जर्मन, आणि जर्मनचें पुन्हां इंग्रजी केल्यावर मूळ वाक्याचें जें होतें, तेंच येथें आवाजाचें होतें. दुसरा संकेत मूळ आवाज ऐकत नाहीं. पहिल्यानें बनविलेली नक्कल ऐकतो, आणि तिच्यांतल्या चुकाहि प्रामाणिकपणें लिहून घेतो.

या हानीचें मोजमाप अभियंत्यांनीं ठरविलें आहे. सर्व ठीक असतां साध्या जी. ७११ संभाषणास सुमारें ९३ गुण मिळतात. जी. ७२९ ची एक फेरी झाली, कीं त्यांतून १० गुण वजा होतात. इतर कोणताहि दोष नाहीं असें धरलें, तरी एका फेरीनंतर ८३, दुसरीनंतर ७३ आणि तिसरीनंतर ६३ उरतात. ८० च्या वर बहुतेक माणसें संतुष्ट असतात. ७० च्या वर कांहीं कुरकुरूं लागतात. ६० आणि ७० यांच्या दरम्यान पुष्कळ जण असंतुष्ट असतात. तीन दुभाष्यांत चांगल्या संभाषणाची ही गत होते.

दुसरी किंमत वेळेची. जी. ७२९ आवाजाचे १० मिलिसेकंदांचे तुकडे घेतो आणि पुढचे ५ मिलिसेकंद डोकावून पाहतो. त्यावर पुडके बांधण्याचा, आणि मागेंपुढें आलेले पुडके क्रमानें लावण्याचा वेळ लागतो. प्रत्येक दुभाष्याकडे हें सारें पुन्हां होतें. कांचतंतूंतून दहा हजार किलोमीटर जाण्यास प्रकाशालाहि सुमारें ५० मिलिसेकंद लागतात. एका दिशेचा एकूण विलंब १५० मिलिसेकंदांच्या आंत असावा, असा दंडक आहे. तो ओलांडला, कीं जर्मनीतला अभियंता आणि चाकणचा पर्यवेक्षक एकमेकांचें बोलणें तोडूं लागतात, आणि प्रत्येकास दुसरा उद्धट वाटतो. तेथें दोष स्वभावाचा नसून यंत्राचा असतो.

तिसरी किंमत संख्येची. दुभाषे मोजकेच असतात. यंत्रांत तीस संकेतांतरांची सोय असेल, तर संकेतांतर लागणारें एकतिसावें संभाषण रेषा मोकळी असूनहि जुळत नाहीं. आणि पाळी बदलण्याच्या वेळीं, जेव्हां सर्वांनाच बोलावयाचें असतें, तेव्हांच हें घडतें. चौथी किंमत गुप्ततेची. संभाषण कुलूपबंद करून पाठविलें असलें, तरी दुभाष्यास तें उघडावेंच लागतें. नव्या मोटारीच्या किंमतीची चर्चा होत असतां किल्ली कोणाच्या हातीं आहे, याचा विचार मालकानें करावयास हवा.

रुंद आवाजाची हानि तर परत न येणारी असते. दोन्ही टोंकांस जी. ७२२ आहे, पण मध्यें एका गेटवेनें आवाज जी. ७११ मध्यें उतरविला. तर वरचीं कंपनें तेथेंच कापलीं जातात. पुढें तोच आवाज पुन्हां जी. ७२२ मध्यें चढविला, तरी गेलेला ‘स’ परत येत नाहीं. उपकरणाच्या पडद्यावर उंची आवाजाची खूण झळकत राहते, आणि कानांत मात्र जुनी नळीच वाजते. बोलण्याखेरीज इतर ध्वनींचीहि अशीच कथा आहे. ‘अमुकासाठीं एक दाबा’ असें सांगितल्यावर दाबलेल्या बटनाचे सूर कंठासाठीं बांधलेल्या संकेतांतून विकृत होऊन बाहेर पडतात. म्हणून त्या सुरांऐवजीं ‘अमुक बटन दाबलें’ एवढी खबरच स्वतंत्र पुडक्यानें पाठवावी लागते. फॅक्सचा किलबिलाट तर जी. ७२९ मधून जातच नाहीं, त्यास जी. ७११ किंवा त्याच्यासाठींच १९९८ मध्यें ठरलेली टी. ३८ ही पद्धत लागते.

मग संकेतांतर अजिबात नको, असें म्हणावें काय? तेंहि खरें नव्हे. भ्रमणध्वनीवरील माणूस टेबलावरील जुन्या दूरध्वनीशीं बोलतो, तेव्हां दुभाष्या अटळ असतो. अनेकांची एकत्र बैठक भरवावयाची, तर प्रत्येकाचा आवाज उघडून एकमेकांत मिसळावाच लागतो. दुभाष्यावांचून जेथें संबंधच जुळणार नाहीं, तेथें तो उपकारकर्ता आहे. तक्रार आहे ती नकळत बसलेल्या दुभाष्यांची. एका विक्रेत्यानें ईपीएबीएक्स दिलें, दुसऱ्यानें गेटवे, तिसऱ्यानें इंटरनेटची रेषा. प्रत्येकानें आपापली यादी आपल्या सोयीनें लावली. आणि एकच वाक्य तीन वेळां भाषांतरित होऊन पोंचूं लागलें, याची कोणास दादहि नसते.

उपाय फार खर्चाचे नाहींत. ज्या काळजीपोटीं जी. ७२९ घेतला गेला, ती अरुंद वाटेची काळजी आतां पुष्कळ ठिकाणीं उरलेली नाहीं. कारखान्याच्या आवारांत तर वाट ऐसपैस असते, तेथें जी. ७११ ची ए-लॉ मोजपट्टी किंवा जी. ७२२ हाच पहिल्या पसंतीचा संकेत ठेवावा. बाहेरची रेषा ज्या संकेतांत येते, तो आंतल्या प्रत्येक यंत्राच्या यादींत असावा. वाट खरोखरच अरुंद असेल, तर जी. ७२९ या टोंकापासून त्या टोंकापर्यंत एकच राहूं द्यावा. मध्यें सोडवून पुन्हां बांधूं नये. संकेतांतर करणेंच भाग पडलें, तर तें एकदांच, एकाच ठिकाणीं, आणि तेथील सोय गर्दीच्या वेळेस पुरेल इतकी मोजून करावें. आणि अखेरची परीक्षा कार्यालयाच्या शांत खोलींत न घेतां प्रेसशेजारीं उभें राहून घ्यावी: एकानें साठ, आठ, सहा, दहा, तीस, वीस म्हणावें आणि दुसऱ्यानें पलीकडे लिहून घ्यावें. कागदावरील गुणांपेक्षां ही परीक्षा खरी आहे.

चाकणच्या रस्त्यावरील मालवाहू गाडीचा चालक हें शास्त्र न शिकतांहि जाणतो. पत्ता विचारतांना तो ‘साठ’ एवढ्यावर थांबत नाहीं. ‘साठ म्हणजे सहा-शून्य ना?’ असें विचारून घेतो. एकच गोष्ट दोन तऱ्हांनीं सांगितली, कीं वाटेंत एक गळली तरी दुसरी पोंचते. ही खबरदारी माणसानें कधींच सोडूं नये. परंतु हात यंत्रांत सांपडलेल्या सोबत्यासाठीं धांवणाऱ्या माणसास एवढें भान राहीलच असें नाहीं. त्यानें एकदांच ‘साठ’ म्हणावें आणि पलीकडे ‘साठ’च ऐकूं यावें, एवढी जबाबदारी यंत्र बसविणाऱ्यानें उचलावयास हवी.